लांब केसांच्या मांजरीला रोज विंचरायचं, की सरळ मशीन फिरवायचं?

खिडकीतली
आमची शेवरी, पर्शियन, सहा वर्षांची. कंगवा दिसला की पलंगाखाली. बाहेर काढून मांडीवर घेतली तर आधी शेपूट आपटते, मग कान मागे, मग दात. परवा ती झोपेत असताना काखेत बोट घातलं तर बोराएवढी जट हाताला लागली. दुसऱ्या काखेतही तशीच. घरात आता दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, वर्षातून दोनदा भूल देऊन केस उतरवून घेऊ, कटकट मिटेल. मला ती पळवाट वाटते. हौसेने लांब केसांचं मांजर आणलं ना, मग विंचरायचंही आपणच. तुम्ही काय करता?

आळशी_पण_प्रेमळ
तुमच्या नवऱ्याला +१. चार वर्षं मी आमच्या बोक्याशी रोज कुस्ती खेळलो. केस सुटले, पण पठ्ठ्या माझ्या मांडीवर यायचा बंद झाला. मी नुसता सोफ्यावरून उठलो तरी पळायचा. आता दवाखान्यात मशीन फिरवून आणतो. डोकं, पाय आणि शेपटीचा गोंडा ठेवतात, बाकी सफाचट. दोन दिवस कपाटामागे रुसून बसतो, मग येतो मांडीवर. रोजच्या भांडणापेक्षा वर्षाकाठी चार दिवसांचा रुसवा परवडला.

जुना_बोका
साफ असहमत. पर्शियनचं नाक चपटं, श्वासाची वाट मुळात अरुंद, त्यामुळे भूल देताना डॉक्टरांनाही जास्त जपावं लागतं. केवळ आपल्या सोयीसाठी वर्षातून दोनदा ही जोखीम? शिवाय खिडकीत लोळणाऱ्या मांजराची उघडी कातडी उन्हाने भाजते.

नुसता_वाचक
मांजर दिवसभर स्वतःला चाटतच असतं की! निसर्गाने जीभ दिलीय, माणसाने मध्ये पडायचं कशाला?

जुना_बोका
पर्शियन निसर्गाने नाही, माणसाने घडवलंय. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी मांजरकुळातल्या प्राण्यांच्या जिभा तपासल्या होत्या. जिभेवरचे काटे टोकाशी पोकळ असतात आणि लाळ केसांच्या मुळापर्यंत नेतात. फक्त पर्शियनच्या बाबतीत केस इतके लांब, की काटा कातडीपर्यंत पोचत नाही. चाटून वरवर चकाकी येते, जट आत वळतच राहते.

एकफणी
प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, म्हणून जरा लांबण लावते. तुम्ही सगळे विंचरण्यावर भांडताय, पण आधी त्या दोन जटांचं बघा. काखेतली जट प्रत्येक पावलाला कातडी ओढते. तिथे कंगवा घालणं म्हणजे कंगवा दुखवतो हे तिला शिकवणं.

आणि कात्री नको! मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट उचलली की कातडीही तंबूसारखी वर येते, केस कुठे संपले ते दिसत नाही. दवाखान्यात लागण्याआधी मी स्वतःच्या मांजरीवर हा पराक्रम केलाय, तीन टाके पडले. आंघोळही नको, पाण्याने जट आणखी आवळते. तेवढा भाग मशीनने काढून घ्या. शांत मांजराला त्यासाठी भूलही लागत नाही. बाकीचे केस राहू द्या.

मग विरळ दातांचा स्टीलचा कंगवा घ्या. ती स्वतः जिथे घासते तिथून, म्हणजे गाल आणि हनुवटीपासून सुरुवात. पाच हात फिरवायचे, खाऊ द्यायचा, सोडून द्यायचं. शेपूट हलायच्या आधी थांबायचं, नंतर नाही. छोटा गुंता लागला तर केस मुळाशी दोन बोटांत घट्ट धरा, टोकाकडून सोडवत या, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. पोट सगळ्यात शेवटी, कदाचित कधीच नाही. आणि आधी विंचरू देणारं मांजर अचानक चावायला लागलं असेल तर सांधे तपासून घ्या.

आळशी_पण_प्रेमळ
पाच हात! एवढ्या केसांना पाच हातांनी काय होणार? पोटाचं पाच महिन्यांत नमद्यासारखं होईल.

एकफणी
पहिल्या महिन्यात केसांना काहीच होत नाही, कबूल. तो महिना मांजरासाठी असतो. आणि काही मांजरं जन्मात विंचरू देत नाहीत, त्यांना मशीनच बरं. तुमचा बोका त्यातला असेल. पण चार वर्षांच्या कुस्तीनंतर ते कसं कळणार?

आळशी_पण_प्रेमळ
हे जरा लागलं.

खिडकीतली
जटांसाठी उद्याची वेळ घेतलीय. सहा वर्षं विंचरूच दिलेलं नाही, त्यामुळे चावते ती दुखतं म्हणून की सवयीने, हे कळायला मार्ग नाही; म्हणून सांधेही तपासायला सांगणार आहे. कंगवा काल रात्रीपासून जमिनीवर नुसता टाकून ठेवलाय. मघाशी आली, हुंगला, त्यावर गाल घासला आणि गेली. नवऱ्याला अजून सांगितलं नाही.

आळशी_पण_प्रेमळ
गाल घासला म्हणजे कंगवा आता तिचा झाला. वापरायला मागाल तर परवानगी घ्या.