'प्रजातीपर्यंत ओळख' म्हणजे नेमकी कुठपर्यंत?

प्रश्न: नदीच्या आरोग्याच्या अहवालाचा मराठी मसुदा तपासते आहे. 'पाण्यातील अळ्या प्रजातीपर्यंत ओळखल्या' असं त्यात आहे. तक्त्यात मात्र हेप्टाजेनिइडी, बीटिडी, कायरोनोमिडी अशी नावं आहेत. काय लिहावं?

उत्तर: 'कुळापर्यंत' लिहा. ही तिन्ही कुळांचीच नावं: पहिली दोन मेफ्लाय या जलकीटकांची, तिसरं डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांचं. विश्वकोशात प्रजाती ही कुळाच्या खालची आणि जातीच्या वरची पायरी: बीटिडी कुळातली बीटिस ही प्रजाती, बीटिस रोडानी ही जाती. वर्तमानपत्रांत मात्र प्रजाती म्हणजेच जाती. त्यामुळे तुमचं वाक्य कुठल्याही अर्थाने वाचलं तरी केलेल्या कामापेक्षा जास्त सांगतं.

कुळापर्यंतच ओळखलं यात कमीपणा काहीच नाही. ब्रिटनमध्ये तयार झालेली बीएमडब्ल्यूपी ही नदीचं प्रदूषण मोजायची गुणपद्धत कुळांवरच चालते; कूळ प्रदूषणाला जितकं नाजूक, तितके त्याला गुण जास्त: हेप्टाजेनिइडी १०, बीटिडी ४, कायरोनोमिडी २. सांडपाणी मिसळणाऱ्या जागेच्या वर आणि खाली नमुने घेतले, तर फरक दाखवायला एवढं बहुतेक वेळा पुरतं.

दुसरं उत्तर: पुरतं, पण कायरोनोमिडीत घोटाळा होतो. कायरोनोमस या प्रजातीच्या लाल अळ्या हिमोग्लोबिनच्या जोरावर जेमतेम प्राणवायूत तगतात, आणि त्याच कुळातल्या काही अळ्या थंड, स्वच्छ झऱ्यांत राहतात. गुण सगळ्यांना दोनच! प्रदूषण सौम्य असेल तिथे निदान या कुळात तरी प्रजातीपर्यंत जायला हवं. जातीचा आग्रह मात्र जपून धरावा. अनेक जातींची वर्णनं प्रौढ नरांवरून झालेली आहेत. अळी वाढवून प्रौढ कीटक मिळवल्याशिवाय किंवा डीएनए तपासल्याशिवाय जातीचं नाव लिहिणं म्हणजे बऱ्याचदा अंदाजच.

प्रश्न: आणि सगळ्यांना 'अळ्या' म्हटलं तर?

उत्तर: कॅडिसफ्लाय (पतंगासारखे जलकीटक) आणि कायरोनोमिड (कायरोनोमिडी कुळातले कीटक) कोषावस्थेतून जातात, त्यांना अळी बरोबर. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, चतुर या जलकीटकांना कोषावस्था नसते, म्हणून त्यांना अळी नको. शेतीच्या सल्ल्यांत तुडतुड्यांची 'पिल्ले' म्हणतात, तोच शब्द मला इथे आवडतो. अळीसाठी 'डिंभ' हा शास्त्रीय शब्द आहे, पण नदीकाठच्या गावात अहवाल वाचून दाखवायचा असेल तर नको.

वाक्य असं करता येईल: 'जलकीटकांच्या अळ्यांची व पिल्लांची ओळख कुळापर्यंत केली, कायरोनोमिडी कुळात ती प्रजातीपर्यंत नेली.' दुसरा भाग खरोखर केला असेल तरच ठेवा. 'प्रजाती' पहिल्यांदा येईल तिथे 'जातीच्या वरची पायरी' एवढं जोडा. तक्त्यात कुठे जातीचं नाव असेल, तर ते कशावरून ठरवलं तेही त्याच ओळीत यायला हवं.