शब्दचर्चा : 'प्रिफर'च्या पुढे 'दॅन' का बसत नाही?

प्रश्न : 'आय प्रिफर कॉफी दॅन टी' असं वाक्य नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीतल्या) शिकवणी वर्गांत सर्रास ऐकू येतं. व्याकरणात मात्र 'टू' सांगितलेलं असतं. 'दॅन' कुठेच चालत नाही का?

उत्तर १ : दोन नामं असतील तर 'टू'च. 'आय प्रिफर कॉफी टू टी.' 'पेक्षा म्हणजे दॅन' हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं, म्हणून चूक होते. या क्रियापदाचं मूळ लॅटिन आहे आणि अर्थ आहे पुढे ठेवणं. सीनियर, ज्युनियर, सुपिरियर हेही लॅटिनमधून आलेले, म्हणून त्यांनाही 'टू'च लागतं.

याहून घातक चूक क्रमाची. मराठीत आपण नावडतं आधी घेतो : 'उपम्यापेक्षा तर्री-पोहे बरे.' इंग्रजीत आवडतं आधी : 'आय प्रिफर तर्री-पोहा टू उपमा.' मराठीच्या क्रमानं शब्द मांडले तर व्याकरण शुद्ध राहतं आणि अर्थ नेमका उलटा होतो. 'दॅन' ऐकणाऱ्याला निदान खटकतं, हे खटकतही नाही. म्हणून मुलांकडून आधी क्रम पक्का करून घ्या.

उत्तर २ : 'दॅन' एका ठिकाणी येतं, पण एकटं नाही, 'रादर'ला धरून. क्रियापदांची दोन रूपं वेगळी ठेवा. 'आयएनजी' असेल तर 'टू' : 'शी प्रिफर्स वॉकिंग टू ड्रायव्हिंग.' मूळ क्रियापद असेल तर 'शी प्रिफर्स टू वॉक रादर दॅन ड्राइव्ह.' इथे 'टू' ठेवायला गेलं तर 'टू वॉक टू टू ड्राइव्ह' असे टू एकमेकांवर आदळतात. 'वुड रादर'नंतर मात्र क्रियापद उघडं येतं, मध्ये 'टू' नाही : 'आय वुड रादर वॉक.'

उत्तर ३ : नेहमीची आवड आणि आत्ताची इच्छा यातला फरकही शिकवा. उन्हाळ्यात सकाळीच कामं उरकायची सवय असेल तर 'आय प्रिफर गोइंग आउट इन द मॉर्निंग.' आजच्यापुरतं बोलायचं असेल तर 'आय वुड प्रिफर टू गो आउट नाऊ.' दुसऱ्यानं काही करावं असं वाटत असेल तर 'आय वुड प्रिफर इट इफ यू केम टुमॉरो.' बोलणं उद्याचं, तरी क्रियापद भूतकाळी. यातलं 'इट' हमखास गळतं आणि 'केम'च्या जागी 'विल कम' येतं. 'आय अ‍ॅम प्रिफरिंग' टाळाच. 'मोअर प्रेफरेबल'ही नको, 'अधिक' हा अर्थ त्या शब्दात आधीच आहे.

स्पेलिंगही पाहा. 'प्रिफर्ड', 'प्रिफरिंग' यांत दोन आर, कारण जोर 'फर'वर. 'प्रेफरन्स', 'प्रेफरेबल' यांत जोर सुरुवातीला सरकतो, म्हणून एकच.

उत्तर ४ : एक अर्थ राहिला. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ असल्यामुळे नागपुरात कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करणाऱ्यांना तो वरचेवर भेटतो. 'द अ‍ॅपेलंट हॅज प्रिफर्ड अ‍ॅन अपील' यात आवडीनिवडीचा काहीही संबंध नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ४१ च्या पहिल्याच नियमात, अपील 'प्रिफर' करण्याची रीत दिली आहे, तिथे अर्थ सादर करणं. 'अपिलाला प्राधान्य दिले' असं केलं तर वाक्यच निरर्थक होतं. 'अपीलकर्त्याने अपील दाखल केले आहे' असं लिहा.