काकतकरांच्या नावानं आलेली नोटीस

काकतकर (बी-२०४): सर्वांना नमस्कार. कोणाचंही नाव घेत नाही. पण अपघातानंतर दवाखान्याचं पहिलं बिल ज्यानं स्वतःच्या खिशातून भरलं, रात्रभर बाकड्यावर जो बसला, त्याच्याच नावानं कोर्टाची नोटीस काढायची, ही माणुसकी आम्हाला नवीन आहे. धन्यवाद 🙏

ओंकार (सी-१०२): नाव घेत नाही म्हणूलात काका, पण सगळ्या अपार्टमेंटला कळलं की ओ 😀

चौगुले सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक विषय ग्रुपवर नकोत. सोमवारी टाकी साफ करायची आहे. सकाळी ९ ते १ पाणी बंद राहील. बादल्या भरून ठेवाव्यात.

ज्योती जाधव (ए-१०१): काकतकर भावजी, नाव घ्या की. आम्हीच ते. पहिलं बिल तुम्ही भरलात, विसरलो नाही. नंतरची बिलं, फिजिओथेरपी आणि ह्यांचा घरात बसून बुडालेला पगार कुणी भरला तेपण लिहा मग.

काकतकर (बी-२०४): वैनी, माझ्या गाडीनं संजूचा अपघात झाला तेव्हा आपसात मिटवायचं ठरलं होतं. तुमच्या भावानं सगळ्यांसमोर मान हलवली होती.

ज्योती जाधव (ए-१०१): मान हलवली तेव्हा एक्स-रे सुद्धा झाला नव्हता. पायात रॉड घालायला लागणार हे कुणाला माहीत होतं?

देसाई काका (सी-३०१): काकतकर, रागावू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६ खाली अपघाताच्या भरपाईचा दावा लावताना गाडीच्या मालकाला आणि विमा कंपनीला दोघांनाही प्रतिवादी करावं लागतं. मालकाचं नाव घातल्याशिवाय कंपनीपर्यंत पोचता येत नाही. विमा चालू असेल तर पैसे कंपनी देते, मालक नाही.

काकतकर (बी-२०४): मग हे मला आधी येऊन सांगायचं होतं.

स्मिता काकू (ए-३०३): सांगायला गेली होती ती. दोनदा बेल मारून परत आली. तुम्ही आत टीव्ही बघूलेलात. आवाज खालपर्यंत येऊलाता.

काकतकर (बी-२०४): काकू, ए विंगमधून बी विंगचा टीव्ही ऐकू येतो? कमाल आहे.

ओंकार (सी-१०२): काकूंना तिसऱ्या गेटवरची रेल्वे कुठली ते पण आवाजावरून कळतं 😂

स्मिता काकू (ए-३०३): तुझी बुलेट रात्री साडेबाराला कुणाला सोडून येते ते पण कळतं. लिहू काय?

ओंकार (सी-१०२): नको ओ काकू 🙏🙏

हलगेकर (बी-३०१): नोटीस कन्नडातच आली असणार. वाचता येत नाही म्हणून लिहून द्या आणि मराठीत मागा. भाषिक अल्पसंख्याक म्हणून आपला हक्क आहे. प्रत्येक वेळी आपणच का गप्प बसायचं?

चौगुले सेक्रेटरी: हलगेकर साहेब, विनंती आहे, तो विषय नको. मागच्या वेळी दोन जण ग्रुप सोडून गेले.

हलगेकर (बी-३०१): गेले ते मेंटेनन्स थकवून गेले. भाषेचा संबंध नाही.

ओंकार (सी-१०२): काका, फोटो टाका, मी वाचतो. कन्नडात मला शाळेत पैकीच्या पैकी होते.

काकतकर (बी-२०४): 📷

ओंकार (सी-१०२): वाचलं. अमुक तारखेला सकाळी ११ वाजता स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहा, आपलं म्हणणं लेखी द्या. नाही आलात तर तुमच्या गैरहजेरीत निकाल होईल. अटक-बिटक काही नाही ओ.

देसाई काका (सी-३०१): हेच सांगतोय. गैरहजर राहिलात तर एकतर्फी जाईल आणि तुमची पॉलिसी, गाडीचे कागद तुमच्या बाजूनं कोणी दाखवणार नाही. पैसे कंपनी देते, मालक नाही.

काकतकर (बी-२०४): पण एवढी घाई काय होती? माणूस अजून चालायला शिकतोय आणि इकडं कोर्ट.

देसाई काका (सी-३०१): घाई कायद्याची आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा नियम परत आला. मधली बरीच वर्षं ती मुदतच नव्हती, म्हणून लोक अजून निवांत बसतात. वैनींनी वेळेत लावला ते बरं केलं.

काकतकर (बी-२०४): बरं केलं?? तुम्ही कुणाच्या बाजूचे?

देसाई काका (सी-३०१): विम्याचा सर्व्हेअर म्हणून जन्म घालवला. कागदाच्या बाजूचा.

काकतकर (बी-२०४): मग एक कागद माझ्याकडं पण आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत संजू ढोलपथकामागं चालत होता. व्हिडिओ आहे. पगार बुडालेला माणूस असा चालतो?

ज्योती जाधव (ए-१०१): टाका की व्हिडिओ. दोन्ही काखेतल्या कुबड्या पण दिसू देत सगळ्यांना. कपिलेश्वर तलावापर्यंत गेले पण नाहीत, अर्ध्यातून रिक्षानं घरी आणलं. त्या मिरवणुकीत आख्खं बेळगाव चालतं भावजी, ह्यांनी दहा पावलं टाकली तर गुन्हा झाला?

स्मिता काकू (ए-३०३): काकतकर, हे शोभलं नाही.

चौगुले सेक्रेटरी: टाकी. सोमवार. ९ ते १.

मुतगेकर (ए-४०२): संजूच्या पगाराचा दाखला मी आमच्या ऑफिसातून काढून देतो. उद्यमबागला आमची फौंड्री आहे म्हणून एवढं करू शकतो. फक्त मला कोर्टात साक्षीला ओढू नका. शिफ्ट सोडून जाता येत नाही.

देसाई काका (सी-३०१): नुसत्या दाखल्याला कोर्टात किंमत कमी. हजेरी रजिस्टर आणि पगारपत्रक घेऊन फौंड्रीतलं कोणीतरी पिंजऱ्यात उभं राहिलं पाहिजे. नाहीतर ट्रिब्युनल (अपघात-दाव्यांचं कोर्ट) अपघाताच्या सालाप्रमाणे एक अंदाजी उत्पन्न धरतं आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर होतो. संजूसारख्या कुशल मोल्डरला (साचे करणाऱ्याला) ते परवडत नाही. बँकेचं स्टेटमेंट सोबत जोडा.

ज्योती जाधव (ए-१०१): बँकेत अर्धाच येतो काका. ओव्हरटाइम पाकिटात.

मुतगेकर (ए-४०२): वैनी हे ग्रुपवर कशाला ओ. दोनशे लोक वाचूलेत.

ओंकार (सी-१०२): ८६ आहेत ग्रुपवर. त्यातले चाळीस जण गुड मॉर्निंगचेच.

मुतगेकर (ए-४०२): आणि ई.एस.आय. (कामगार विमा) चे पैसे मिळालेत की संजूला. त्याचा उल्लेख कोणी करत नाही.

ज्योती जाधव (ए-१०१): मिळाले. आजारपणाच्या खात्यातून, सत्तर टक्क्यांच्या हिशेबानं. नंतर बंद झाले. ९१ दिवस संपले म्हणाले.

देसाई काका (सी-३०१): थांबा. संजू ड्यूटी संपवून घरी येत होता ना? ई.एस.आय. कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनंतर कामावर जाता-येता झालेला अपघातसुद्धा, वेळ-जागेचा कामाशी संबंध दाखवता आला तर, नोकरीतली इजा धरतात. मग आजारपणाचा नाही, तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. तो साधारण नव्वद टक्के, आणि काम करता येत नाही तोवर. पण त्यासाठी फौंड्रीच्या मालकाकडून अपघाताचा रिपोर्ट जायला लागतो. मुतगेकर, गेला होता का?

ओंकार (सी-१०२): मुतगेकर मामा टायपिंग... टायपिंग... परत बंद

मुतगेकर (ए-४०२): बघून सांगतो. ते एच.आर. चं काम आहे.

स्मिता काकू (ए-३०३): फौंड्रीत एच.आर. म्हणजे तुमचाच मेव्हणा ना?

मुतगेकर (ए-४०२): 🙏

हलगेकर (बी-३०१): ते फॉर्म पण कन्नड-इंग्रजीतच असतात. कुणी विचारत नाही.

ज्योती जाधव (ए-१०१): काका, एक विचारायचं होतं. डॉक्टर पायाचं २४ टक्के अपंगत्व लिहिणार म्हणालेत. म्हणजे पगाराच्या २४ टक्के?

देसाई काका (सी-३०१): नाही वैनी. दोन वेगळे आकडे आहेत. एक, उपचार चालू असताना बुडालेला पगार: जेवढे महिने घरी, तेवढा पूर्ण पगार. दुसरा, पुढच्या आयुष्यात कमाई किती घटेल तो. पायाचे २४ टक्के म्हणजे आख्ख्या शरीराचे साधारण एक तृतीयांश, ८ टक्के धरतात. पण सुप्रीम कोर्टानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितलंय की धंद्यावर किती परिणाम झाला ते बघा. टेबलाशी बसणाऱ्या क्लार्कचा पाय आणि भट्टीजवळ दिवसभर उभं राहणाऱ्या मोल्डरचा पाय एक नाही. समजा पगार १८,००० धरला, कमाई १० टक्के घटली असं मानलं, वय ३८ असल्यानं गुणक (किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) १५, तर १८,००० × १२ × १५ × १० टक्के = ३,२४,०००. बुडालेला पगार, औषधं, त्रासाचे पैसे याशिवाय. पगार १२,००० च सिद्ध झाला तर हाच आकडा २,१६,००० वर येतो. म्हणून रजिस्टर, रजिस्टर म्हणतोय. आणि सर्टिफिकेट देणारे डॉक्टर पण साक्षीला यायला लागतात, आत्ताच विचारून ठेवा.

ज्योती जाधव (ए-१०१): पाकिटातल्या पैशानं एक लाखाचा फरक पडूलाय म्हणजे. मुतगेकर भावजी, वाचलात ना?

काकतकर (बी-२०४): आकडे ऐकून मलाच घाम फुटला. आणि कंपनीनं नाही म्हटलं तर?

देसाई काका (सी-३०१): पैसे कंपनी देते, मालक नाही. विमा चालू होता ना?

काकतकर (बी-२०४): विमा होता.

देसाई काका (सी-३०१): गाडी तुमचा भाचा चालवत होता. लायसन्स?

स्मिता काकू (ए-३०३): आता टीव्हीचा आवाज पण बंद झाला.

काकतकर (बी-२०४): शिकाऊ होतं. म्हणूनच आपसात मिटवा म्हणत होतो, कुणी ऐकून घेतलं नाही.

देसाई काका (सी-३०१): अहो मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं. शिकाऊ लायसन्स हेसुद्धा लायसन्सच. २००४ च्या स्वर्णसिंग निकालात सुप्रीम कोर्टानं तसं सांगून कंपनीलाच पैसे द्यायला लावलेत. फक्त शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसलेला पाहिजे आणि गाडीला लाल ‘एल’ पाहिजे. कंपनीचा वकील त्यावर नक्की बोट ठेवणार. तसं नव्हतं असं सिद्ध झालं तर आधी संजूला देऊन नंतर तुमच्याकडून वसूल करायची मागणी होऊ शकते. शेजारी कोण होतं?

काकतकर (बी-२०४): मीच होतो. माझं लायसन्स १९९४ पासून आहे.

ज्योती जाधव (ए-१०१): हे पंचनाम्यात आहे काय? चार्जशीटमध्ये तुमचं नाव कुठंच नाही, आमच्या वकिलांनी बघितलंय.

काकतकर (बी-२०४): कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेव्हा पोरग्याला वाचवायचं डोक्यात होतं.

ज्योती जाधव (ए-१०१): तुम्ही कोर्टात येऊन हे सांगितलंत तर दोघांचं पण काम होतंय भावजी. तुमच्या खिशातून एक रुपया नको आहे आम्हाला. कंपनीकडून पाहिजे.

चौगुले सेक्रेटरी: चांगलं झालं. आता विषय संपवूया का? टाकी...

स्मिता काकू (ए-३०३): चौगुले, टाकीचं कळलं ओ सगळ्यांना. शनिवारपासून ऐकूलोय.

देसाई काका (सी-३०१): काकतकर, पॉलिसीचा फोटो मला पाठवा. अपघाताची तारीख मुदतीत बसते का बघतो.

काकतकर (बी-२०४): 📷

देसाई काका (सी-३०१): ही पुढच्या वर्षाची आहे. अपघाताच्या वेळची पाहिजे.