अणुवीज नको म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या छतावर येऊन पाहावं

कूलरची_ताटी (धागा सुरू करणारा)

राजेहो, मे महिना आहे, पारा ४५ च्या वर अन रात्री दोनलाही भिंती तापलेल्या. अशात काल लाईट गेली तर कूलर बंद, लेकरू घामानं उठून बसलं. मी जागाच होतो म्हणून हे लिहून राहिलो.

माझं म्हणणं सरळ आहे. जगाची विजेची भूक कमी होत नाही, एसी वाढून राहिले, गाड्या विजेवर चालल्या, डेटा सेंटरं वेगळीच. आजही जगातली साधारण एक तृतीयांश वीज कोळशातून येते अन अणूतून जेमतेम ९ टक्के. आपल्या देशात तर अणुवीज ३ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा वाढला पाहिजे.

आमचं घर एका थर्मलपासून, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रापासून, फार लांब नाही. पूर्वी आई उन्हाळ्यात छतावर कुरोड्या टाकायची. आता नाही टाकत. ओलं फडकं झाकलं तरी संध्याकाळी फडक्यावर बोट फिरवलं की करडी रेघ उमटते, तीच राख नाकात जाते हे तिला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ७०० मेगावॅटची आपली देशी अणुभट्टी वर्षभर चालवायला शंभर-सव्वाशे टन युरेनियम पुरतं. तेवढीच वीज आपल्याकडच्या कोळशावर काढायची तर ३० लाख टनांच्या वर कोळसा जाळा, अन त्यातून १० लाख टन राख. अणूची तुलना लोक स्वप्नातल्या स्वच्छ विजेशी करतात, मी रोज श्वासात घेतो त्या विजेशी करतो.

सदरची_मास्तरीण

भाऊ, राखेचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाहीच. पण फुकुशिमाला २०११ मध्ये त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरमध्ये शिरलं, भट्ट्या थंड ठेवायला वीजच उरली नाही, अन दीड लाखाच्या वर लोकांना घरदार सोडावं लागलं. जपानसारखा शिस्तीचा देश. आपल्याकडे पावसाळ्यात साधा नाला तुंबतो तर आठवडाभर कोणी येत नाही, त्या कारभाराच्या हातात मी अणुभट्टी देऊ का? मला भीती विज्ञानाची नाही, कारभाराची आहे.

कूलरची_ताटी

ताई, तारापूर १९६९ पासून आहे, आपल्याच महाराष्ट्रात. कर्नाटकातल्या कैगाची पहिली भट्टी २०१८ साली सलग ९६२ दिवस न थांबता चालली, तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. हे पण आपल्याच माणसांनी केलं नं. अन कोळशानं माणसं मरतात ती एकदम नाही मरत, दम्यानं हळूहळू मरतात म्हणून पेपरात येत नाही.

बुटीबोरी_शिफ्ट_बी

मला भीती-बिती नाही, मला हिशेब कळतो. फ्रान्ससारखा देश, ज्याची दोन तृतीयांशच्या आसपास वीज अणूतून येते, त्यानं फ्लामाँविलची नवी भट्टी २००७ ला बांधायला घेतली, २०१२ ला संपवणार होते, ग्रीडला जोडली डिसेंबर २०२४ ला. खर्च चौपट. आपल्या जैतापूरला त्याच जातीच्या सहा भट्ट्या, ९९०० मेगावॅट, करार २०१० चा, आज तिथे एकही भट्टी उभी नाही. गुजरातमधल्या काकरापारची तिसरी भट्टी आपली स्वतःची, तिलाही २०१० पासून २०२३ लागलं. सरकार म्हणते २०४७ पर्यंत अणूची क्षमता १०० गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट), आज ९ च्या आसपास आहे. आमच्या कंपनीच्या शेडवर सोलर काही महिन्यांत लागलं अन दुसऱ्या दिवसापासून मीटर उलटा फिरायला लागला. तेरा वर्षं थांबायला वेळ कोणाजवळ आहे बाप्पा?

कूलरची_ताटी

सोलर पाहिजेच, मी कुठं नाही म्हटलं. पण काल रात्री दोनला तुमच्या शेडवरून काय येत होतं? जर्मनीनं १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, अन त्यांच्या कोळशाच्या खाणी अजून चालूच आहेत. आधी कोळसा बंद करायचा होता, त्यांनी क्रम उलटा केला असं माझं ठाम मत आहे.

बुटीबोरी_शिफ्ट_बी

बॅटऱ्या स्वस्त होऊन राहिल्या भाऊ. तुमची भट्टी उभी होईपर्यंत रात्रीचा प्रश्न सुटला असेल.

रिटायर्ड_टर्बाइन

तीस वर्षं थर्मलमध्ये काढली म्हणून बोलतो. दोघंही पाणी विसरून राहिले. अणू असो की कोळसा, शेवटी पाणी उकळून वाफ करायची अन टर्बाइन फिरवायचं. उलट अणुभट्टीत वाफ कमी तापमानाची असते, त्यामुळे तेवढ्याच विजेमागं जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणजे पाणी जास्त. २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये ऱ्होन अन गारोन नद्यांचं पाणी तापलं तेव्हा काही भट्ट्यांचं उत्पादन कमी करावं लागलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात नदीत काय उरते ते पुलावरून खाली पाहा. समुद्रकिनारा ठीक, विदर्भात अणुभट्टीचं नाव काढू नका. बाकी कूलरवाल्याशी सहमत, राखेचे बंधारे मी जवळून पाहिले आहेत.

मंडला_रोड

किनारा ठीक म्हणता काका, पण जैतापूरला मासेमारी करणारे लोक इतकी वर्षं विरोध करून राहिले ते काय हौस म्हणून? अन आपल्या शेजारचंच सांगतो. जबलपूर लाईनला मंडला जिल्ह्यात चुटका म्हणून गाव आहे, नर्मदेवर बरगी धरणाच्या पाण्याकाठी. तिथे ७०० च्या दोन भट्ट्या होणार आहेत. ही गोंड माणसं आधी बरगी धरणानंच उठवलेली. एका आयुष्यात विजेसाठी दोनदा घर सोडायचं, अन वीज जाणार शहरात. वर्षाला सव्वाशे टन युरेनियम छान दिसते लिहायला, पण त्या टनात ही माणसं कुठं मोजली? कचऱ्याचं तर बोललेच नाही कोणी. फिनलंडनं ओंकालोला खडकात चारशे मीटरच्या वर खोल बोगदे खणले, आपण कुठं पुरणार?

कूलरची_ताटी

चुटक्याचं मला माहीत नव्हतं. वाचून गप्प बसलो थोडा वेळ. ज्यांना धरणानं उठवलं त्यांनाच परत उठवणं चूकच आहे, तिथे मी तुमच्या बाजूनं. पण भाऊ, कोळशाच्या खाणींनीही गावं उठवलीच नं, चंद्रपूर-वणीकडे जाऊन पाहा. कचऱ्याचं म्हणाल तर तो निदान मोजून, झाकून, एका जागी ठेवता येतो. राख तर आमच्या फडक्यावर आहे.

सदरची_मास्तरीण

मग एकच विचारते, अन मनापासून विचारते. उद्या काटोलला भट्टी टाकायची ठरली, तुमच्या घरापासून तासाभरावर. तुम्ही हो म्हणाल?

कूलरची_ताटी

ताई, सकाळपासून याचाच विचार करून राहिलो. आईलाही विचारलं. तिचा पहिला प्रश्न, राख पडते का? मी म्हटलं नाही पडत. दुसरा प्रश्न, पाणी कुठून घेतील, तिथे तर संत्र्यालाच पुरत नाही. याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. टर्बाइन काका बरोबर आहेत, काटोलला मी हो नाही म्हणणार. पण कोळशाचं नवं युनिट टाकतो म्हटलं तर त्यालाही नाही, अन ते आधी म्हणीन.