लिफ्ट केलेल्या टॅकोमाला न घासणारी चाकं कोणती? सल्ला हवा

डेन्व्हरकर
मंडळी, २०१९ची टॅकोमा (टोयोटाचा पिकअप) घेतली आहे, डबल कॅब, फोर बाय फोर. आधीच्या मालकाने पुढून अडीच आणि मागून दीड इंच लिफ्ट करून, म्हणजे सस्पेन्शनवर उंच करून ठेवलीय. टायर मात्र कंपनीच्याच मापाचे, २६५/७० आर १६ (२६५ मि.मी. रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, चाक १६ इंची). उंच पोराला आखूड पायजमा घातल्यासारखी दिसते गाडी. टायर झिजलेच आहेत, तर चाकंही बदलावी म्हणतो. दुकानदार १७ बाय ८.५ इंची, ऑफसेट −१० चाकं (ऑफसेट म्हणजे रुंदीच्या मध्यापासून चाकाची हबला टेकणारी बाजू किती मि.मी. वर आहे ते; तो जितका कमी तितकं चाक बाहेर) आणि त्यावर २८५/७० आर १७ टायर गळ्यात मारतोय. "लिफ्ट आहे ना, मग काय घासणार?" हे त्याचं पालुपद. रोजचं ऑफिस, हिवाळ्यात आय-७० वरून स्कीइंग, उन्हाळ्यात मोॲबचे खडकाळ रस्ते, एवढाच वापर. रिव्हर्स घेताना खर्रर्र आवाज आला तर घरून गाडी विकायचा हुकूम निघेल.

नटबोल्ट
दुकानदाराला चाकं विकायचीत, त्यामुळे अर्धंच सांगतोय. लिफ्टने टायरच्या वर जागा होते. टॅकोमात घासतं ते मागच्या अंगाला, पुढच्या चाकामागे केबिन चॅसीला जोडणारा जो बॉडी माउंट असतो त्याला. स्टेअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स टाका आणि फ्लॅशलाइट मारून बघा, तिथे किती कमी जागा उरते ते दिसेल. उलट पुढून गाडी उचलली की कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा झुकाव) कमी होतो. तो परत मिळवायला अलाइनमेंटवाल्याने सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे कॅम बोल्ट भलतीकडे फिरवले तर चाक माउंटकडेच सरकतं.

आता ऑफसेटचं गणित. समजा मूळ चाक ७ इंच रुंद, +२५चं आहे. ८.५ रुंद म्हणजे दोन्ही बाजूंना १९ मि.मी. वाढ. त्यात ऑफसेट +२५चा −१० झाला, म्हणजे चाक ३५ मि.मी. बाहेर. बाहेरची कड एकूण ५४ मि.मी. बाहेर आली. चाक जितकं बाहेर, तितकं वळताना ते मोठा वर्तुळखंड घेतं आणि मागे माउंटला जाऊन भिडतं. आत, वरच्या आर्मपाशी, १६ मि.मी. जागा वाढते खरी, पण तुमची अडचण तिथे नाहीच.

माझं मत विचाराल तर २६५/७० आर १७. व्यास ३१.६ इंच, आताच्या टायरपेक्षा इंचभर मोठा. चाक ७ ते ८ इंच रुंद, ऑफसेट ० ते +२५च्या मधला. टोयोटाच्याच फोररनर गाडीच्या टीआरडी प्रो मॉडेलची कंपनीची चाकं १७ बाय ७, +४ची आहेत. नवी गाडी घेऊन लोक ती लगेच काढून विकतात. तीच शोधा.

मिशिगनचा_मावळा
एवढं घाबरायचं काय त्यात? बॉडी माउंटचा कोपरा कापायचा, वर पट्टी वेल्ड करायची, रंग मारायचा. २८५ घालणारे बहुतेक सगळे हेच करतात. मोॲबला जाणार आणि टायर ३१चे? छे!

नटबोल्ट
कापा की, पण आधी कळू तरी द्या की कापावं लागणार आहे. शिवाय २८५चा व्यास ३२.७ इंच. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ने पळत असेल. वजनदार ई-रेंजचे (जास्त भार पेलणारे) टायर घेतले की चढावर गिअर खाली-वर करत बसते ती. हे सगळं पार्किंगमध्ये रुबाब दिसावा म्हणून करायचं असेल, तर ज्याची त्याची हौस.

सह्याद्रीतला_भटक्या (नाशिक)
आमच्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस आहे. तिचेही सहा नट, १३९.७चं पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास, मि.मी.मध्ये), म्हणून लोक टोयोटा हायलक्सची चाकं आणून बसवायला बघतात. पीसीडी जुळलं म्हणजे चाक जुळलं असं नाही बरं. मधल्या हबचं भोक मोजा. टॅकोमाचं १०६.१ मि.मी. आहे. चाकाचं भोक त्याहून मोठं असेल तर फट भरायला रिंग घाला. तुम्हा लोकांचा हेवा वाटतो. इकडे गाडीत बदल करायला आडवं येणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून लिफ्ट म्हटलं की आधी आरसी आणि विमा आठवतो.

डेन्व्हरकर
पटलं, २६५/७० आर १७च घेतो. टीआरडी प्रोची चाकं एकाकडे मिळतायत, पण नट नाहीत त्याच्याकडे. माझे चालतील? आणि बर्फात चेन लावायची वेळ आली तर?

नटबोल्ट
टोयोटाच्या ॲलॉयला सपाट वॉशरचे, लांब दांड्याचे नट लागतात आणि बाहेरच्या कंपन्यांच्या चाकांना बहुधा निमुळते. आटे दोन्हीकडे एम१२ बाय १.५, त्यामुळे चुकीचा नटही गोड बसल्यासारखा वाटतो आणि पुढे सैल होतो. तुमची आताची चाकं टोयोटाचीच ॲलॉय असतील तर तेच नट वापरा. ८३ फूट-पाउंडने आवळा, ५०-१०० मैलांनी परत बघा. टायरप्रेशरचे सेन्सर जुन्या चाकांतून काढून घ्यायला सांगा.

आय-७०च्या डॉट्सेरो ते मॉरिसन पट्ट्यात नियमाने १ सप्टेंबर ते ३१ मे टायरची नक्षी ३/१६ इंच लागतेच, ती नव्या टायरला भरपूर असेल. चेन मात्र टायरची जाडी वाढवते, म्हणून ती घरीच अंगणात लावून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. फेंडरच्या आतल्या प्लास्टिकवर चकचकीत ओरखडा दिसला तर तिथे घासतंय. पुढचा मडफ्लॅप काढून टाका, पहिला तोच लागतो.

आणि अलाइनमेंटवाल्याला स्पष्ट सांगा: कॅम पुढे सरकवून कॅस्टर जास्तीत जास्त द्या. चाक माउंटपासून थोडं पुढे जाईल.

मिशिगनचा_मावळा
स्टेपनीही २६५/७० आर १७च घ्या. फोर बाय फोर लावल्यावर वेगळ्या मापाचं एक चाक डिफरन्शियलला मानवत नाही.