ब्रेगेंत्सरवाल्डमधली मुरघासबंदी: हवी की नको?

गवताळ:
ऑस्ट्रियाच्या फोरार्लबेर्ग राज्यातल्या ब्रेगेंत्सरवाल्ड खोऱ्यात गावंच्या गावं 'हॉयमिल्श'वर, म्हणजे सुक्या गवतावरच्या दुधावर चालतात. 2016 पासून या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे. नियम कडक आहेत: मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, खायला घालायचा नाही, करायचा नाही आणि शेतावर ठेवायचाही नाही. माझ्या मते बंदी बरोबर आहे. मुरघासातल्या क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचे बीजाणू शेणातून सडांवर आणि तिथून दुधात उतरतात. पाश्चरायझेशननेही ते मरत नाहीत. इथलं बेर्गकेझ, म्हणजे डोंगरी चीज, तर कच्च्या दुधाचं, महिनोन्महिने मुरणारं. बीजाणू जागे झाले की लॅक्टिक आम्लाचं ब्युटिरिक आम्ल होतं, वायू सुटतो, चीजचं 30 किलोचं चाक फुगून आतून चिरतं आणि घाण वास येतो. किलोला 10 लिटर धरलं, तर 300 लिटर दूध गेलं.

पागोळी:
आणि पावसाचं काय? आल्प्सच्या उत्तर उतारावर गवत सुकवायला सलग तीन-चार कोरडे दिवस मिळणं कठीण. मुरघासाला एक दिवसाची उघडीप पुरते. 20 टक्क्यांहून ओलं गवत गंजीत गेलं की तापतं, 70 अंशांच्या वर गेलं तर अग्निशमन दलाला बोलवावं लागतं. खरा दोष मुरघासाचा नाही, मातीचा आहे. जमिनीलगत कापलं की माती येते. 7 सेंटिमीटर वर कापा, 35-40 टक्के शुष्कांशापर्यंत (म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग तेवढा होईपर्यंत) सुकवा, गासड्यांना प्लॅस्टिकचे सहा थर द्या. असा मुरघास उत्तमच होतो.

गवताळ:
उंचीचं पटलं. पण कावळ्याने चोच मारून प्लॅस्टिकला एक भोक पाडलं तरी पुरे. हवा शिरते, यीस्ट आम्ल खातात, सामू (pH) चढतो, म्हणजे आंबटपणा घटतो, आणि क्लॉस्ट्रिडियमला रान मोकळं मिळतं. त्यात गावच्या 'झेनराय'मध्ये, म्हणजे चीजघरात, सगळ्यांचं दूध एकाच कढईत पडतं. एकाची गासडी बिघडली की नुकसान सगळ्यांचं. बीजाणूंच्या चाचणीला आठवडा लागतो आणि चीज तर रोज बनतं.

मेढ:
पावसावर उपाय आहे, पागोळी. 35-40 टक्के ओलावा असतानाच गवत कोठारात आणतात. छपराखाली तापलेली हवा पंख्याने ओढून जाळीच्या फरशीखालून सोडतात आणि ओलावा 13 टक्क्यांच्या आसपास आणतात. चुकतं ते भरताना: एका जागी ढीग दाबला गेला की हवा बाजूने निसटते आणि मधला गोळा बुरसतो. म्हणून सैल, समपातळीत, थर देत भरायचं. पुढचे काही आठवडे तापमानाची सळई खुपसून बघायचं.

पागोळी:
कढईचा मुद्दा मान्य, चीजघराला दूध घालणाऱ्यांना बंदी असू दे. पण पंखा, छपराखालचे हवामार्ग, पावसाळी आठवड्यातलं विजेचं बिल हे 12 गायींच्या गोठ्याला हॉयमिल्शच्या वाढीव दरातून भागलं पाहिजे. नाही भागलं तर तो गोठा बंद पडेल आणि उतारावरचं कुरण कापायला माणूस उरणार नाही. ज्यांचं दूध पिशवीत जातं, त्यांनी तरी पावसाळी कापणीचा मुरघास करावा.

गवताळ:
पिशवीवर 'हॉयमिल्श' छापायचं नसेल तर खुशाल करावा. आज मात्र त्यांनाही त्याच नावाचा दर मिळतो.