कुत्र्यानं धरलेली तलंग (तरणी कोंबडी), पाठीचं कातडं निघालंय. सल्ला हवा

मांजराकाठची:
नमस्कार मंडळी. केज तालुक्यात शेतातच घर आहे. परसात गावरान कोंबड्या, घरच्या अंड्यापुरत्या. काल दिवस मावळता, कोंबड्या झाकायच्या आधीच मोकाट कुत्र्यानं एक तलंग धरली. दिरानं काठी घेऊन सोडवली. शेपटीच्या वर तळहाताएवढं कातडं फाटून लोंबायलंय, आतलं मांस दिसायलंय. रक्त थांबलंय. डालग्याखाली ठेवलीय, डोळे मिटून बसायली. दाणा टिपत नाही, पाणी तेवढं दोन घोट घेतलं. सासूबाई म्हणायल्या, "जगत नाही ती, आजच रस्सा करा." शेजारच्या काकू म्हणायल्या, तंबाखू दाबा. उद्या रविवार, दवाखाना बंद. आज रात्रीत काय करू?

कडब्याची गंजी:
ताई, रस्सा थांबवा. कोंबडीचं कातडं पातळ असतं, फाटतं लवकर आणि भरतंही लवकर. एवढी पाठ उघडी पडलेल्या कोंबड्या नीट होऊन पुन्हा अंड्यावर आलेल्या आमच्याकडं परभणीत कितीतरी पाहिल्यात. तंबाखू मात्र अजिबात नको. त्यातलं निकोटीन उघड्या मांसातून अंगात भिनतं, कोंबडी त्यानंच जायची. राख, मिरची, गाडीचं जळकं ऑइल, हे पण नको.

आता अंधार पडल्यावरच हात लावा. कोंबडीला अंधारात दिसत नाही, गप बसते. एकानं जुन्या टॉवेलात पंख दाबून धरायची, दुसऱ्यानं काम करायचं. पाणी उकळून कोमट होऊ द्या, लिटरभर पाण्यात दीड सपाट छोटा चमचा मीठ. बिनसुईच्या सिरिंजनं धार मारून माती, पिसं, सगळं धुवून काढा. जखमेच्या कडेची पिसं उपटू नका, कातरीनं कापा. उपटली की नवं रक्त येतं. मग पोव्हिडोन आयोडीन (जखम धुवायचं तांबडं औषध) पाण्यात फिक्कट चहाच्या रंगाचं करून त्यानं धुवा. लोंबतं कातडं कापू नका, ओलं असेल तर जागेवर पसरून ठेवा. वरून पट्टी गुंडाळायची घाई करू नका. कोंबडीला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. छातीभोवती आवळून बांधलं की गुदमरते.

आणि मुख्य गोष्ट: फाटलेलं दिसतं ते नाही, दाताची भोकं शोधा. कुत्र्याचे दात दोन्ही बाजूंनी लागतात. दोन्ही पंखांखाली, मांडीच्या आत, पिसं फुंकरीनं बाजूला करून बघा. बारीक भोक वरून बुजतं आणि आत सडतं.

बालाघाटी:
पावसाळी हवा आहे, माशा लई झाल्यात. आमच्या आजोबांचं औषध: सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरायचा, किडे आपोआप बाहेर पडतात. बैलाच्या खांद्याला सुद्धा हेच करायचो.

उदगीरचा विद्यार्थी:
काका, सीताफळात किडे मारायचा गुण आहे, पण तो रस डोळ्यात गेला तर डोळा जातो की काय असा दाह होतो. बैल आणि दीड किलोची कोंबडी यांत फरक आहे. त्यापेक्षा माशी बसूच देऊ नका. पांढऱ्या बारीक अंड्यांचे पुंजके दिसले तर लगेच पुसून काढा, एका दिवसात त्यातून किडे निघतात. खोक्याला मच्छरदाणीचं कापड लावा.

आणि ताई, घरातली दुखण्याची गोळी कुटून देऊ नका. डायक्लोफिनॅक तर मुळीच नको. गिधाडं ज्यानं संपली तेच ते औषध, २००६ पासून जनावरांसाठी बंद आहे. वेदनेचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक डॉक्टरच वजन बघून ठरवतील. कुत्र्याच्या तोंडातली घाण खोल जाते, म्हणून अँटिबायोटिक बहुतेक लागतंच. १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या नंबरवर फोन करून बघा, फिरता दवाखाना कुठं आहे ते सांगतील.

पाणी चोचीत ओतू नका. श्वासाचं भोक जिभेच्या मागंच असतं, ठसका लागून पाणी फुफ्फुसात जातं. चोच वाटीत बुडवा, ती आपली पिते. पाण्यात थोडं ओआरएस चालेल.

मांजराकाठची:
रात्री बॅटरीच्या उजेडात केलं सगळं. डाव्या पंखाखाली दोन भोकं निघाली! वरून काहीच दिसत नव्हतं. एकात पिवळट घट्ट गोळा होता. पू आहे का तो? आणि पंखाजवळची कातडी फुग्यासारखी फुगलीय, दाबलं की चुरचुर वाजतं.

उदगीरचा विद्यार्थी:
पूच आहे. पाखराचा पू पातळ नसतो, असा घट्ट गोळाच होतो, म्हणून तो आपोआप वाहून जात नाही. जे सैल आहे तेवढंच धारेनं निघू द्या, कोरू नका. फुगलंय ती हवा आहे. कोंबडीच्या अंगात फुफ्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, दात तिथवर गेला की कातडीखाली हवा साठते. तोंड उघडून धापा टाकत असेल तर वाट बघू नका, रविवार असला तरी कुणीतरी डॉक्टर गाठा. श्वास शांत असेल तर सोमवारी सकाळी पहिलं काम ते. घरी सुई टोचून हवा काढायचा उद्योग नको. त्या भोकात धार पण जोरात मारू नका, पाणी आत जायला नको.

लातूरची वहिनी:
मांजराकाठची ताई, कुत्रं पिसाळलेलं तर नव्हतं ना? कोंबडीची काळजी नाही, रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग. पण त्याची लाळ तिच्या अंगावर असंल आणि तुमच्या हाताला चीर असंल तर दवाखान्यात जाऊन सांगा. यापुढं हातमोजे घालूनच धुवा.

खायला भिजवलेली कणी आणि उकडलेलं अंडं कुस्करून द्या. माझ्या सासूबाईंना ते बघवत नाही, "कोंबडीला कोंबडीचंच अंडं!" पण आजारी पाखरू तेच आधी टिपतं.

मांजराकाठची:
डॉक्टरांनी बघितलं. श्वास ठीक आहे म्हणाले, इंजेक्शन दिलं, पुढची औषधं लिहून दिली. आज चोच मारून अंडं खाल्लं. विष्ठा हिरवी आहे, ते काय?

कडब्याची गंजी:
पोट रिकामं होतं म्हणून. खाऊ लागली की बदलते. नाही बदलली किंवा बाकीच्या कोंबड्या पण मलूल व्हायल्या तर जखम विसरा, ते दुखणं वेगळं.

बाकीच्यांत सोडायची घाई करू नका. लाल मांस दिसलं की कोंबड्याच तिला टोचून मारतात, कुत्रं परवडलं. जखम कोरडी होऊन खपली धरेपर्यंत वेगळं खोकं. पण ते जाळीचं, खुराड्याजवळच ठेवा, एकमेकींना दिसू द्या. मग एका रात्री सगळ्या बसल्यावर हळूच आत ठेवायची.

मांजराकाठची:
औषध चालू असताना अंडं दिलं तर लेकरांना द्यायचं का?

उदगीरचा विद्यार्थी:
नाही. औषध बंद झाल्यावरही किती दिवस टाळायचं ते औषधावर ठरतं, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. तोवरची अंडी पुरून टाका, कुत्र्यांना घालू नका, नाहीतर त्यांना घराची वाट पाठ होईल.